तुळशीरामच्या नावाचं पान

देऊळघाट,
२५ सप्टेंबर १९३८

चि. इंद्रभान,

तुला आठवतं का, तू पाच-सहा वर्षांचा असताना आपण तिघं ओसरीवर सरकी निवडत बसलो होतो. तू, मी आणि मनकर्णा. तू एक सरकी नाकात घातलीस आणि भीतीने कुणाला न सांगता गप्प बसून राहिलास. मनकर्णाच्या ते लक्षात आलं. तिने चिमूटभर तपकीर तुझ्या नाकाशी धरली, तू शिंकलास आणि सरकी थेट माझ्या पदरात येऊन पडली. ती म्हणाली होती, "निंघाली नसती तं याले पावसाळ्यात वावरातच उभा करा लागला असता." आज दुपारी ओसरी झाडताना मला ते आठवलं आणि झाडू हातात तसाच राहिला.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर नकाशावर छडी ठेवून आमच्याकडून बेटांची नावं म्हणवून घ्यायच्या. त्रिनिदाद हे नाव मी तेव्हा कितीदा तरी म्हटलं असेल. तिथे माणसं राहत असतील, सकाळी चूल पेटवत असतील, हे कधी मनातही आलं नाही. आता तू तिथे शेतकी शिकायला गेला आहेस. ते बेट कसं आहे, तिथली माणसं कशी आहेत, तू काय जेवतोस, सगळं लिही.

परवा सर्वपित्री अमावास्या झाली. मनकर्णाने दरवर्षीसारखं तुळशीरामच्या नावाचं पान वाढलं. ती एकटी राहते आणि नदीकाठचा भाजीचा मळा करते, एवढंच तुला माहीत आहे. बाकीची गोष्ट तुझ्या जन्माआधीची. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात, एकोणचाळीसेक वर्षांपूर्वी, तिचा नवरा खडी फोडायच्या सरकारी कामावर गेला, तिथून नागपूरकडे गेला, असं कुणीतरी सांगितलं आणि पुढे काहीच कळलं नाही. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी रिवाजाप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला. धाकट्या भावाने, उकंडरावाने, नदीकाठी त्याला अग्नी दिला. मनकर्णा आधी तयार नव्हती. कपाळाचं कुंकू ती पुसू देईना. मग सासू तिला म्हणाली की क्रिया न झालेला माणूस उपाशी भटकतो. तेवढ्यावर तिने बांगड्या फोडायला हात पुढे केले. त्यांच्या जातीत विधवेला पाट लावता येतो, चांगली स्थळंही आली. तिने लावला नाही.

परवा पान वाढताना मला विचारत होती, आपल्या पोराला तिकडे कुणी जेव म्हणणारं आहे का. तिला काय सांगू ते कळव.

तुझी आत्या,
कौशल्या


त्रिनिदाद,
९ नोव्हेंबर १९३८

ती. आत्याबाई,

तुमचं पत्र काल हातात पडलं. कॉलेजच्या कचेरीतल्या पाकिटांत तुमचं अक्षर लांबूनच ओळखू आलं.

बोट लागायच्या आदल्या दिवशी समुद्राचा रंग बदलला. तोवर निळं असलेलं पाणी एका सकाळी आपल्या पैनगंगेला पूर यावा तसं गढूळ झालं. खलाशी म्हणाला, दक्षिण अमेरिकेतली एक मोठी नदी इथवर माती आणून टाकते. मला उगीच बरं वाटलं.

बेट हिरवं आहे, इतकं की डोळे दमतात. इथे हिवाळा नाही आणि आपल्यासारखा उन्हाळाही नाही. पाऊस असतो किंवा नसतो. आठवड्याभरात जोड्यांवर बुरशी चढते. घरं लाकडाची, खांबांवर उभी केलेली. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवतात आणि तेच पितात. कोकोच्या झाडांना सावली म्हणून आपल्या पांगाऱ्याचा एक भाऊबंद लावतात. तूर आहे, पण ती ओलीच सोलून खातात. लाल अंबाडी आहे, आणि तिचं सरबत करून नाताळात पितात. ज्वारीचं नाव कुणी ऐकलेलं नाही.

माणसं तऱ्हेतऱ्हेची आहेत. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची नातवंडं, चिनी दुकानदार, पोर्तुगीज, इंग्रज आणि आपली माणसं. आपली म्हणतो खरा, पण त्यांचे आजे काशी-पाटण्याकडून उसाच्या मळ्यांवर करारावर आलेले. बोलतात ती पूर्वेकडची हिंदी, तीही अर्धी इंग्रजीत मिसळलेली. देशाला 'मुलुख' म्हणतात. मी मुलुखात जन्मलो एवढ्यावर एका म्हातारीने माझ्या पायांना हात लावला आणि विचारलं, "बेटा, गंगाजी अजून तशीच आहेत ना?" मी गंगा पाहिलेली नाही, आत्याबाई. मी हो म्हटलं.

सगळंच असं नाही. शहरातल्या एका दुकानात मला 'कुली' म्हणून बाजूला उभं केलं. मग माझा टाय दिसला, तेव्हा खुर्ची दिली. मला ती खुर्ची जास्त लागली. कॉलेजात मुलं सभ्य आहेत, पण जेवताना माझ्या शेजारची जागा बहुधा रिकामी राहते. ताटात काय आहे ते मी विचारत नाही. पाव आणि केळी खातो.

इथे जगभरातल्या कपाशीची झाडं एका शेतात लावून ठेवली आहेत. एका वाफ्यात आपल्या वऱ्हाडची कपाशी आहे. जेमतेम हातभर उंच, पानं मरगळलेली. इतक्या ओलीत काय करावं हे तिला समजत नसावं. मी रोज तिकडे एक चक्कर मारतो.

मनकर्णामावशीला सांगा, जेव म्हणणारं अजून कुणी भेटलेलं नाही.

तुमचा,
इंद्रभान


देऊळघाट,
१९ डिसेंबर १९३८

चि. इंद्रभान,

तुझं पत्र ओसरीवर मोठ्याने वाचलं. आता हा आमचा नेमच झाला आहे. टपालवाला दिसला की मनकर्णा मळ्यातून हात धुऊन येते. खांबांवरची घरं ऐकून म्हणाली, माणसं वर राहतात तर खाली कोण राहतं? ओल्या तुरीचं ऐकून तिला त्या लोकांची कीव आली. सगळीच ओली खाल्ली तर डाळ कशाची करतील?

दुकानातल्या खुर्चीच्या ओळी मी वाचल्या नाहीत. तिच्या लक्षात आलं असावं.

पाव आणि केळी खाऊन माणूस किती दिवस राहील? त्या म्हातारीसारखं एखादं घर शोध. पायाला हात लावणारी बाई पोळी नक्की देईल. मनकर्णाचाही तोच सल्ला आहे.

आत्या


त्रिनिदाद,
५ फेब्रुवारी १९३९

ती. आत्याबाई,

हे पत्र एकटीने वाचा.

गेल्या आठवड्यात आम्हाला कोकोचा मळा दाखवायला नेलं होतं. कोकोच्या बिया मोठ्या लाकडी ओट्यावर उन्हात वाळत घालतात. त्यांना चकाकी यावी म्हणून माणसं त्यांच्यावर अनवाणी पायांनी नाचतात. ओट्याला चाकांचं छप्पर असतं, पाऊस आला की ते ओढून घ्यायचं. आम्ही असतानाच सर आली. एक म्हातारा बाकीच्यांवर ओरडला, "ओढा बे, ओढा. काऊन उभे राह्यले?"

कुणालाच ते शब्द समजले नाहीत. त्याच्या ओरडण्याची सवय असल्यामुळे सगळ्यांनी छप्पर मात्र ओढलं. मी त्याच्याजवळ गेलो आणि मराठीत विचारलं, बाबा, तुम्ही कुठले? त्याने उलट मलाच विचारलं.

"तू कोन गावचा बे?"

"देऊळघाटचा."

तो त्या बियांवरच खाली बसला. मग नदीचं विचारलं, देवळाचं विचारलं, उकंडा आहे का विचारलं. त्याचं नाव तुळशीराम. इथल्या कागदांवर टुलसी आहे. नागपूरला एका माणसाने साखरेच्या बेटावर काम आहे म्हणून त्याला कलकत्त्याला नेलं. बेट किती दूर आहे हे बोट सुटल्यावर कळलं. लिहिता येत नव्हतं. करार संपला तेव्हा गावी परत जायची सोय झाली नाही. पुढे इथल्याच सुमरिया नावाच्या बाईशी त्याने लग्न केलं. ती वारली. रुख्मिणी नावाची लग्न झालेली मुलगी आहे, तिच्याकडे तो राहतो. मुलीला मराठी येत नाही.

निघताना त्याने विचारलं, "आन माह्यी घरवाली? कोनासंगं पाट लावला तिनं?"

तिने पाट लावला असणार, असंच तो इतकी वर्षं धरून चालला आहे. त्यांच्यात लावतात, म्हणून त्याला दुसरं काही सुचलंच नाही. मी खोटं बोललो. माझा जन्म नंतरचा, मला माहीत नाही, असं सांगितलं.

मावशीला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. त्याला मी काय सांगू, तेही लिहा.

इंद्रभान


देऊळघाट,
२६ मार्च १९३९

चि. इंद्रभान,

ठरवायला मला सवड मिळाली नाही. मनकर्णा समोर बसली होती. नेमाप्रमाणे मी पाकीट फोडलं आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली, 'हे पत्र एकटीने वाचा.' वाचून झाल्यावर तिचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला.

ती म्हणाली, "मंग मी उठू का?"

मी म्हटलं, बस. आणि पुढचं मनात वाचायला लागले. तुळशीराम हे नाव आलं तिथे माझे ओठ हलले असतील. तिने माझ्या हातातला कागद हळूच खाली केला.

"कौसाबाई, अटकली काऊन? मेला का जिता हाये, येवढंच सांग."

मी सगळं वाचून दाखवलं, सुमरियासकट. एकही ओळ गाळली नाही. ती रडली नाही. मग म्हणाली, "मंग मी इतकी वर्सं कोनाले जेवू घातलं वं?"

चार दिवस ती मळ्यातून वर आली नाही. पाचव्या दिवशी आली आणि उंबरठ्यावरूनच म्हणाली, मला कुंकू लावायचं आहे. नवरा जिवंत असताना बोडक्या कपाळाने का हिंडायचं? त्याने तिकडे काय केलं ते त्याच्यापाशी.

उकंडराव आधी पुष्कळ चिडला, मग माझ्या ओसरीवर बसून रडला. भटजींना बोलावलं. ते म्हणाले, क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला नव्याने जन्माला घालावं लागतं; त्याचं बारसं होतं आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लागतं. माणूस येऊ शकत नसेल तर त्याच्या जागी नारळ ठेवू. एकदा हे झालं की जुना अग्नी रद्द.

मनकर्णा म्हणाली, "पानाचा मेला तं नारळाचा जगीन." पहिल्यांदा हसली ती.

आखाजीचा दिवस धरला आहे. दरवर्षी त्या दिवशी आपल्याकडे मेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. तुळशीरामची घागर यंदा भरायची नाही. त्याऐवजी उकंडरावाची सून मनकर्णाला कुंकू लावील. लावलं असतं मीच, पण माझ्या हाताचं कसं चालेल? हिरव्या बांगड्या आणल्या आहेत. उकंडरावाने लुगडं घेतलं आहे. इंद्रभान, माझ्या कपाळासाठी असं पत्र कुठूनही यायचं नाही. म्हणून हे एक पाहायला मी किती उतावीळ झाले आहे, ते तुला सांगता येत नाही.

त्याला सगळं सांग. आखाजीचंही सांग.

आत्या


त्रिनिदाद,
८ मार्च १९३९

ती. आत्याबाई,

तुमच्या उत्तराची वाट पाहायला हवी होती, पण राहवलं नाही. आता दर रविवारी मी तुळशीरामबाबांकडे जेवतो. रुख्मिणीताई डाळ-भात करते, आणि पोळीच्या पोटात डाळ भरते. त्यांच्या घरी बसून खोटं बोलणं मला जमेना.

मावशीने पाट लावला नाही, हे आधी सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि त्या दिवशी पुढे जेवले नाहीत. पुढच्या रविवारी पुतळ्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं, त्यांना राग येईल किंवा भीती वाटेल. आधी ते हसले. म्हणाले, जिवंत माणसाला मेला म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतं. माझ्या बोटीवरचे सगळे गेले, मी एकटा उरलो, तो त्यामुळेच.

मग एकदम त्यांनी विचारलं, "आग देल्ली का पुतळ्याले? खरी आग?"

मी म्हटलं, हो. नदीकाठी. उकंडरावांनी दिली.

इथे प्रेत जाळायला परवानगी नाही, आत्याबाई. आपल्या लोकांनाही पुरतात. सुमरियाबाई पावसाळ्यात गेल्या. खणलेल्या खड्ड्यात पाणी भरलं होतं आणि पेटी खाली बसेना. माणसांनी ती बांबूंनी दाबून धरली आणि वर माती लोटली. बाबांनी ते पाहिलं. तेव्हापासून त्यांना मरणाची नाही, त्या पाण्याची भीती आहे, असं ताई सांगते. पाऊस पडायला लागला की ते उठून बसतात.

अग्नीचं ऐकून बाबांनी ताट पुढे ओढलं. मग म्हणाले, "म्हंजे माह्यं झालं. बाकीचं आता कुठंबी पुरा." ताईला त्यांनी ते हिंदीत पुन्हा सांगितलं. त्या रात्री पाऊस होता आणि ते झोपले होते, असं तिने मला मुद्दाम येऊन सांगितलं.

मावशीला सांगायचं ठरवलंत, तर एवढं जरूर सांगा की उकंडरावांनी दिलेला अग्नी बाबांना पोचला.

इंद्रभान


देऊळघाट,
३० एप्रिल १९३९

चि. इंद्रभान,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं पत्र आखाजीच्या तीन दिवस आधी आलं. या वेळी मी देवघरात जाऊन एकटीने वाचलं आणि एक दिवस लपवून ठेवलं. बांगड्या भरून होऊ देत, कुंकू लागू दे, मग सांगू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मनकर्णा बांगड्यांचं माप बघायला आली. तिचे हात मळ्यातल्या कामाने जाड झाले आहेत, एकच बांगडी कशीबशी चढली. ती लाजून हसली आणि मला ते पत्र लपवून ठेवणं अशक्य झालं.

पेटीचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा.

"नारळानं त्याले जगोलं, तं ती आग इझंन ना?"

मी म्हटलं, भटजी तसंच म्हणाले होते.

"आन तिथं दुसरी आग भेटत नाई."

तिने चढवलेली एक बांगडी हळूहळू काढली, फुटू नये म्हणून तेल लावून.

मी तिला पुष्कळ समजावलं, इंद्रभान. म्हटलं, हे शास्त्र कुणी पाहिलं आहे, आग तर लागून गेली, ती कशी विझेल? तू कुंकू लाव, देव एवढं समजून घेईल. सिस्टर आम्हाला सांगायच्या तसलं सगळं बोलले. ती म्हणाली, "देव समजून घेईन वं. तो नाई घेणार. तो रातीचा उठून बसंन."

आखाजीला पहाटे तिने नदीवरून पाणी आणलं आणि तुळशीरामच्या नावाची घागर भरली. उकंडरावाची सून ताट घेऊन आली होती. मनकर्णाने तिला सांगितलं, ताटातलं कुंकू तुझ्याच कपाळाला लाव. उकंडराव म्हातारा दारात उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, आग मीच लावली होती." ती म्हणाली, "बरं केलं भाऊ."

मला वाटत होतं, कुंकू तिला हवं आहे. तिला हवं होतंच. ते तिने न लावताच दुसऱ्यांदा पुसलं, आणि या वेळी तिला कुणी भूक-तहान सांगायची गरज पडली नाही.

तुळशीरामला नारळाचं काही कळवू नकोस. माझं मागचं पत्र दाखवलं असशील, तर सांग की तसं काही झालं नाही. आग जशी होती तशी आहे.

आत्या


त्रिनिदाद,
२१ नोव्हेंबर १९३९

ती. आत्याबाई,

लढाईमुळे टपालाचा भरवसा राहिलेला नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात मी दोन पत्रं पाठवली होती, ती पोचली की नाही कोण जाणे.

तुळशीरामबाबा या महिन्याच्या चार तारखेला गेले. ताप होता. पावसाचेच दिवस होते. खड्ड्यात पाणी होतं. मी पेटीला खांदा दिला. शेवटच्या दिवसांत ते फक्त मराठी बोलत होते, म्हणून ताईने मला कॉलेजातून बोलावून घेतलं होतं. त्यांना भीती वाटत नव्हती. आग लावली ती जागा नदीच्या कुठल्या वळणावर, एवढंच ते विचारत राहिले. मी वळण सांगत राहिलो.

ताईला आता दरवर्षी त्यांच्या नावाचं पान वाढायचं आहे. ते कसं वाढतात हे तिला माहीत नाही. आणि एक अडचण आहे. या बेटावर कावळे नाहीत. घास कोणाला ठेवायचा, हे मनकर्णामावशीला विचारून लिहा.

इंद्रभान


देऊळघाट,
११ फेब्रुवारी १९४०

चि. इंद्रभान,

तुझं पत्र काल पोचलं. मधली दोन आलीच नाहीत. वाचून दाखवल्यावर मनकर्णा नदीवर जाऊन डोक्यावरून सुतकाची अंघोळ करून आली. परतल्यावर ओसरीवर बसली आणि म्हणाली, लिहून घे. पुढचं सगळं तिचं आहे, मी फक्त लिहिते आहे.

हिरव्या बांगड्या रुख्मिणीसाठी आहेत. लढाईमुळे पार्सल जात नाही आणि काच वाटेत टिकणारही नाही. म्हणून इथल्या बांगड्या उकंडरावाची सून घालील, आणि तू तिथल्या दुकानातून रुख्मिणीला घेऊन दे. हिरव्याच घे. देताना सांग की माहेरच्या आहेत. बाप गेला तरी तिचं माहेर देऊळघाटला आहे, मळ्यात.

उकंडरावाने घेतलेलं लुगडं त्याच्याच नातीला, तिच्या लग्नात.

मळ्याचा नदीकडचा तुकडा मनकर्णाच्या मागे उकंडरावाच्या सुनेने करायचा. आखाजीची घागर तिनेच भरायची, तुळशीराम आणि मनकर्णा अशा दोन नावांची.

सुमरियाच्या नावाचंही पान तिथे वाढत जा. ती पाण्यात गेली आहे, तिला कुणी आग दिलेली नाही. इथे नदीकाठी मनकर्णा तिच्यासाठी पळसाची पानं गोळा करते आहे. भटजी म्हणतात, असं शास्त्रात नाही. उकंडराव म्हणाला, आग मी लावतो.

आणि घासाचं. वरण, भात, कढी, वडे, अंबाडीची भाजी. तांदळाची खीर. पान दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचं. कावळा नसेल तर मेलेल्याच्या गावचं माणूस बसवतात, असं ती म्हणते. मी हे याआधी कधी ऐकलेलं नाही, पण तिच्याशी कोण वाद घालणार? त्या बेटावर देऊळघाटचा तू एकटाच आहेस. तेव्हा पहिला घास तू घ्यायचास. सावकाश जेवायचं, पानात काही टाकायचं नाही, आणि रुख्मिणी आणखी घे म्हणाली तर नाही म्हणायचं नाही.

तुझी आत्या,
कौशल्या